दोराची वही, मागच्या पानापासून

रविवार, ६ ऑक्टोबर १९७४

ही वही खरी म्हणजे दोराची. पुढच्या बाजूला शिधयेसरांनी पट्टीने रकाने आखून दिलेत: तारीख, कुठला दोर, किती जण लटकले, कुठे घासला का, ठेवणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. ठेवणारा मी, बुधाजी. तपासणारा सोमा. दोन्ही सह्या हव्यात, एकाची चालत नाही. एवढी जाड वही पुढून भरायला चार वर्षं लागतील, म्हणून मी मागच्या पानापासून माझं लिहायला घेतलं. सातवी पास झाल्यापासून अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही. पण आज झालं ते कुठेतरी ठेवायला हवं. नाहीतर रात्री झोपेत हसेन आणि माझी बायको पारू विचारील, काय झालं?

आज मी पाखरकड्यावरून खाली उतरलो. वाटेने नाही, दोरावरून.

पाखरकडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचा. पळसदरीच्या स्टेशनात उतरलं की समोर दिसतो. श्रावणात मुंबईचे दोन कॉलेजवाले धबधब्याच्या अंगाने वर चढले आणि कपारीत अडकले. वाडीने बैलांचे कासरे जोडून सोडले. एक वर आला. दुसरा निम्म्यात असताना कासरा तुटला, त्याचा पाय मोडला. त्यानंतर मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाचे शिधयेसर आले. ते एका शाळेत कवायत शिकवतात. म्हणाले, "मुंबईहून मदत येईपर्यंत माणूस जगत नाही. तुमच्यातले सहा जण तयार करतो. दोर आमचे, कडा तुमचा."

सहा जागा, पण पाचच मिळाले. मी, आमच्याच वाडीतला, कर्जत स्टेशनावर वडे विकणारा गजा, ठाकरवाडीचे गोमा आणि हिरू, आणि बुद्धवस्तीतला सोमा, जो खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो. सहावी जागा रिकामी आहे. मी चार घरी विचारलं. सगळ्यांची कापणी जवळ आली आहे.

उतरायचं कसं, तर निळा दोर मांडीखालून घ्यायचा, छातीवरून आडवा, खांद्यावरून मागे. पांढरा दोर कमरेला बांधायचा, त्याचं दुसरं टोक वर बसलेल्या माणसाच्या हातात. निळ्यावरचा हात सुटला तर पांढरा वाचवतो. मग काठाकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागे बसायचं. खाली खुर्ची नाही. खाली ऐंशी फूट वारा.

जन्मभर मला आईबापांनी एकच शिकवलं, काठाला पाठ करू नये. सर म्हणाले, "बसा, बुधाजीराव." देवीचं नाव घेतलं आणि बसलो. पाय दगडाला टेकलेले, पाठ आभाळात. आणि मला हसू फुटलं. लहानसहान नाही, पोट हलवणारं. एक पाऊल खाली, की पुन्हा हसू.

वरून गजा ओरडला, "काका, दोर गुदगुल्या करतोय काय?"

माझी कमर सोमाच्या हातात होती. तो शांतपणे म्हणाला, "हसा दादा, पण हात सोडू नका."

वय पन्नासला एक वर्ष कमी. लेक मैना पोशीरला दिलेली, तिला मूल आहे. आणि हा आजोबा कड्यावर हसत लटकतो. देवा, माफ कर. पण पुढचा रविवार लवकर आण.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

दोर आमच्याच घरी राहतात, कारण आमचं घर कड्याला सगळ्यात जवळ. मी ते आतल्या खोलीत देवाच्या फळीखाली ठेवले. तिथे ऊन नाही, उंदीर नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय नाही. सोमा तपासायला आला की मी ते अंगणात आणून देतो, तो खाटेवर पसरून बघतो, सही करतो. त्याच्या बापाच्या वेळेपासून ही माणसं अंगणापर्यंतच येतात, त्यामुळे त्यालाही अवघड वाटत नाही.

संध्याकाळी पारू म्हणाली, "ती आठाची गाठ कशी वो मारायची?"

"बाईमाणसाला काय करायची ती?"

"वासरू गाठ सोडवतंय. लई शाणं झालंय."

म्हणून मारून दाखवली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. एकदा दाखवली, तिने दोनदा मारली. मी म्हटलं, गाठ मारून झाली की सर दुसऱ्याला तपासायला लावतात. तर ती म्हणाली, "मग तपासा." तपासली. बरोबर होती. वासराचं भलं झालं.


रविवार, १३ ऑक्टोबर

आज सरांनी दोराचे वैरी सांगितले. ऊन, धारेचा दगड, वाळू, तेल, विस्तव. "आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पाय. दोरावर पाय द्यायचा नाही. वाळूचा कण आत जातो आणि आतून कापतो. बाहेरून दिसत नाही."

हे मला सांगायची गरज नव्हती. धान्याला, वहीला, केरसुणीला पाय लागू नये, तसंच हे. तरी चहाच्या वेळी माझा अंगठा पांढऱ्या दोराला लागला. हात आपोआप गेला, दोराला शिवून कपाळाला लावला. गजा खिदळला, "घ्या, काकांचा दोरोबा झाला!" पाच मिनिटांनी त्याचाच पाय पडला. सगळे बघताहेत म्हटल्यावर त्याने कान धरले आणि वाकला. मग गोमा, मग हिरू. दुपारी सर स्वतः घाईत दोर ओलांडताना अडखळले, इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप हात कपाळाला नेला. मी पाहिलं. देवा, तुला नवा भक्त मिळाला, कवायतीचा मास्तर.

दुसरी गोष्ट. सरांना कड्यात लोखंडी खिळे ठोकायचे होते. गोमा म्हणाला, "डाव्या अंगाला नको. तितं गिधाडं घरटी घालतात. हातोडा वाजला तर ती परत येयाची नाय." सरांनी विचारलं, "मग दोर बांधायचा कशाला?" गोमाने कड्याच्या माथ्यावरचा अंजनाचा बुंधा दाखवला, मी त्याच्यामागची दगडाची शेंडी दाखवली. त्याला गोणपाट गुंडाळून दोर बांधला. खिळ्याची गरजच पडली नाही. ठरलं की डावी बाजू बंद, खिळा नाही, दगडावर नावं रंगवायची नाहीत, आणि गजाने वडे पानातच आणायचे. गजा म्हणाला, "पानात तर पानात. पण पाखरांनी खाल्लं तर पैसं कोण देनार?"

मी आज तिसऱ्यांदा उतरलो. तिन्ही वेळा हसलो. सर म्हणाले, "सत्तावीस तारखेला परीक्षा. पास झाले त्यांचं पथक. त्यातला एक पुढारी." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. माझ्या मागे पारू पाण्याची कळशी घेऊन उभी होती, ती तिथे नसती तर नक्की कळलं असतं.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

विहिरीच्या कळशीला आठाची गाठ. गोठ्यातल्या दावणीला आठाची गाठ. धुण्याच्या दोरीला दोन्ही टोकांना. मी इतका नादावलो आहे की हिंडताफिरता हात गाठी मारतात आणि मला आठवत नाही. पारूला सांगितलं तर ती म्हणाली, "व्हय, तुमीच मारल्या असतील," आणि चुलीकडे तोंड केलं.

ती हल्ली सकाळी लवकर चाऱ्याला जाते, तीही ठाकरवाडीजवळच्या धाकट्या कड्याकडून. तिकडे चारा कमी. हाताला खरचटलेलं होतं. म्हणाली, जाळीत हात गेला. मी म्हटलं, जपून. बायकांना उंचावरचं भान राहत नाही.

आता एक गोष्ट लिहायची आहे. बारा दिवस या पानांभोवती फिरतो आहे.

श्रावणात तुटला तो कासरा माझा होता. जोडलेले पाच होते, कुणाचा तुटला ते पावसात कुणी बघितलं नाही. पण मला माहीत होतं. तो कासरा गेल्या सालीच मध्ये कुजला होता, बदलायचा राहिला होता. गाठी मारताना माझ्या हाताला ते मऊ लागलं. बोलावं असं जिभेवर आलं. पण सगळे ओरडत होते, घाई होती, आणि माझाच कासरा कुजका निघावा याची लाज वाटली. म्हटलं, देवी बघेल. देवीने बघितलं. त्या पोराचा पाय मांडीत मोडला.

सरांनी विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला हौस. हौस आहेच, खोटं कशाला बोलू. पण हसतो तेव्हाही एक डोळा दोरावर असतो.


रविवार, २० ऑक्टोबर

आज हात सोडून उतरलो! म्हणजे एक हात. सर म्हणाले, वरचा हात कामाचा नाही, खालचा आवळतो. वरचा हात मोकळा सोडला आणि गावाकडे हलवला. खाली आमच्या अंगणात कुणीतरी हात हलवला. पारू असेल. दोन्ही हात हलवत होती, आणि हलवताना उजवा मांडीपाशी, डावा वर, अशी काहीतरी खूण करत होती. डास मारत असेल.

सहावा अजून नाही. सर म्हणाले, "सहावा नसला तर जोड्या जुळत नाहीत." मी म्हटलं, देईल देवी.


खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. नांगर, विळे, कोयता, कुऱ्हाड धुऊन आतल्या खोलीत मांडली. मग वाटलं, ज्या हत्याराने माणूस वाचतो ते बाहेर कसं ठेवू? दोन्ही दोर मांडले, दोर अडकवायच्या लोखंडी कड्या मांडल्या. तेल वर्ज्य हे लक्षात होतं, म्हणून दोरांना फक्त फूल वाहिलं, हळदीकुंकू लावलं. माझ्या मनासारखं झालं.

आरती करताना मी ताम्हण ओवाळत होतो आणि डोक्यात रविवार होता. पाठ आभाळात, पाय दगडावर. ताम्हणाबरोबर मीही थोडा मागे झुकलो असेन. जळती कापराची वडी घसरली आणि पांढऱ्या दोरावर पडली.

झटकन उडवली. निमिष लागलं असेल. पण दोर नायलॉनचा, चुरचुरला. वास आला, जळक्या केसासारखा. बघितलं तर गव्हाच्या दाण्याएवढा एक मणी, पिवळट, कडक, चकचकीत. टोकापासून बारा हातांवर.

पारू नारळाची शेंडी सोलत होती. तिने विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. कापूर पडला."

"कशावर?"

"भुईवर."

ती थोडा वेळ शेंडीच सोलत राहिली. नारळ पार गुळगुळीत झाला. तिने बघितलं नसावं.

देवापुढे घडलं म्हणजे देवाच्या मनात असेल. अंगावर तीळ असतो तसा दोरावर तीळ. गव्हाएवढा तर आहे.


दसरा

आज सोन्याची पानं वाटत होतो तेव्हा सोमा आला. पांढरे स्वच्छ कपडे, इस्त्रीचे. दसऱ्याला त्यांच्या वस्तीतही मोठा सण असतो, दीक्षेच्या दिवसाचा. मी त्याला सोनं दिलं, त्याने हसून घेतलं. अंगणात उभा राहून म्हणाला, "दादा, दोर द्या. उद्यापासून माजी रात्रपाळी. आजच बघून सही करतो."

मला मणी आठवला. म्हटलं, "दोर देवापाशी मांडलेत रं. पूजेतलं आज हलवायचं नाय."

"मग मीच येतो की आत. आतच बघतो, हलवत नाय."

तो अंगणाच्या कडेला, मी ओटीवर, मध्ये तीन पायऱ्या. सोमाने पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "रविवारी कड्यावर बघ ना."

"बरं दादा."

मी वही पुढे केली. म्हटलं, सही तेवढी आता कर. तर त्याने वही परत दिली. "बघितल्याबिगर सही नाय करत मी. कारखान्यात तेच शिकलो." आणि तो गेला. चिडला नव्हता. पांढरे कपडे लांबपर्यंत दिसत होते.

मी त्याला मणी लपवायला थांबवलं, की आत येऊ नये म्हणून थांबवलं? दोन्ही एकातच आलं, वेगळं करता येईना. पारूने आज माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं. सणाची दगदग.


शनिवार, २६ ऑक्टोबर

उद्या परीक्षा. सांगावं की नाही?

सांगितलं तर दोर बाद. सर म्हणाले होते, असा दोर इथे मिळत नाही, मंडळातल्या कुणीतरी परदेशातून हाताने आणला. दोर बाद म्हणजे परीक्षा बाद, पथक बाद. आणि मी ठेवणारा म्हणून बाद. परत कधी पाठ आभाळात टेकायची नाही.

दुपारी देवीला कौल लावला. दोन झेंडूची फुलं तिच्या खांद्यांवर ठेवली. उजवं पडलं तर सांगायचं, डावं पडलं तर गप्प. डोळे मिटून बसलो. उघडले तर दोन्ही फुलं गायब. मागे बघितलं, गजाची शेळी खात होती.

मग स्वतःच बघू म्हटलं. दोर आंब्याच्या फांदीला बांधला, मणी मध्ये येईल असा, आणि लोंबकळलो. धरला. दोन उड्या मारल्या. धरला. तिसऱ्या उडीला फांदी मोडली आणि मी पेंढ्यात. दोर शाबूत! पेंढ्यात पडल्या पडल्या हसू आलं. मग आठवलं, कासऱ्यानेही पहिल्या गड्याला धरलं होतं.

ठरवलं आहे. उद्या पहिला मी उतरणार. तुटला तर माझ्याच खाली तुटेल, आणि नाही तुटला तर देवीची मर्जी. बोलायला नको, कुणाला फसवायला नको.


रविवार, २७ ऑक्टोबर

सगळं लिहितो.

सकाळी सगळे माथ्यावर. सोमाची रात्रपाळी संपून तो यायचा होता. सरांनी विचारलं, "दोर तपासले?" मी म्हटलं, "हो." एक अक्षर, तेही खोटं.

"पहिला कोण?"

मी पाऊल उचललं. एवढ्यात मागून आवाज आला, "पहिली मी."

पारू. नऊवारीचा कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, पायात काही नाही. गजाचा वडा हातातच राहिला. मी म्हटलं, "तू कुठं?"

"सहावी जागा रिकामी हाय ना? मग मी सहावी."

सर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला येतं?"

"धाकट्या कड्यावर गोमाभावजींच्या बायकोनं धरलं, चिमानं. दोर चाऱ्याच्या फडक्यातनं नेले. आठ येळा उतरले. इचारा."

गोमा खाली बघून हसत होता. म्हणजे त्याला माहीत होतं! सगळ्या वाडीला माहीत असेल. मी एकटा घरात राहून आंधळा.

सर म्हणाले, "छान. बांधा मग." पारूने पांढऱ्या दोराचं टोक उचललं आणि कमरेला गाठ मारायला लागली. मारली, सोडली. परत मारली. माझ्याकडे बघितलं. परत सोडली. विहिरीवर डोळे मिटून मारते ती गाठ, आज एवढा वेळ का लागत होता कळेना. तिसऱ्यांदा टोक हातात घेऊन तिने मला विचारलं, सरांना नाही, मला, "बांधू ना?"

मला बारा हातांवरचा पिवळा मणी दिसला. ती बारा हात खाली गेली की तो बरोबर धारेवर येणार. मला मऊ कासरा हाताला लागला, पावसातला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. गजा म्हणतो, मी म्हणालो, "थांब गं! जळलाय! दोर जळलाय! मी जाळलाय!" धावलो आणि तिच्या कमरेला मिठी मारली. सगळ्यांसमोर. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. गाठ बघितली तर ती अर्धीच होती, ओढली असती तर सुटलीच असती. एवढा सराव केलेली बाई, आणि गाठ अर्धी. घाबरली असेल बिचारी.

मग सगळं सांगितलं. कापूर, मणी, आंबा. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून कासराही सांगितला. "श्रावणात तुटला तो माझा. कुजलेला होता, मला ठाऊक होतं." खाली गाडी घाट चढत होती, तिचाच आवाज.

सरांनी वही उघडली, पुढून. पांढऱ्या दोरापुढे तपासणाऱ्याचा रकाना कोरा. तेवढ्यात सोमा चढून आला, घामाघूम, डोळे पाळीने लाल. सरांनी त्याच्यावरच आवाज चढवला. "सोमा, तुमचं काम होतं. का नाही तपासला?"

सोमाने आधी माझ्याकडे बघितलं. वाटलं तर तो मला सोलू शकला असता. तो एवढंच म्हणाला, "गेलतो सर. दोर आत होता."

आत. दोन अक्षरं. सर मुंबईचे, त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी वही मिटली. मला ऐंशी फुटांपेक्षा त्या क्षणी जास्त खोल वाटलं.

सर म्हणाले, "बसा सगळे. गोल." सहा जण बसलो. पांढरा दोर एका टोकापासून हातोहात फिरवला, बोटांनी चाचपत, वीत वीत. गोमाच्या हातातून हिरूच्या, हिरूच्या हातातून गजाच्या, गजाच्या हातातून सोमाच्या, सोमाच्या हातातून पारूच्या, पारूच्या हातातून माझ्या. मणी आला तेव्हा सोमा थांबला, नखाने टोकरलं. "आतून गेलाय," म्हणाला. दोर वाकवला तर मणी काडीसारखा तडकला आणि आतले धागे विस्कटून उभे राहिले.

गोमाने कोयत्याने दोर कापला, मण्याच्या पुढे तीन हात सोडून. बाकीचा दोर सरांच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा हातोहात फिरला. निर्दोष निघाला. पण पाखरकड्याला तो आता पुरत नव्हता. "धाकट्या कड्याला पुरतो," पारू म्हणाली. ती तिथली जाणकार.

परीक्षा धाकट्या कड्यावर झाली. मला उतरू दिलं नाही, शिक्षा म्हणून. सर म्हणाले, "तुम्ही आज धरायचं." मी तिथल्या एका झाडाच्या बुंध्याशी बसलो, दोर कमरेमागून घेतला, टाचा रोवल्या. दुसऱ्या टोकाला पारू. गाठ सोमाने तपासली. या वेळी पुरी होती. सोमा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दादा, श्वास घ्या. दोर तेवढा सोडा, जीव नका सोडू."

ती काठाला पाठ करून उभी राहिली, मागे बसली, आणि दिसेनाशी झाली. फक्त दोर राहिला, माझ्या हातांत, जिवंत, एकेक वीत सरकणारा. आणि खालून हसू आलं. मोठं, पोट हलवणारं, थांबेना असं. हे हसू मी ओळखतो. अठ्ठावीस वर्षांत तिचं ऐकलं नव्हतं, पण ओळखतो.

मग मीही. रडतही होतो बहुतेक. गजा म्हणाला, "ही जोडी नाटकात घाला."

सगळे उतरल्यावर सरांनी विचारलं, "ठेवणारा बदलायचा का?" मी मान खाली घातली. सोमा बोलला.

"ठेवणारा ऱ्हाऊ द्या सर. आता त्याच्याइतका घाबरणारा दुसरा मिळायचा नाय. जागा बदला."

पथकाची पुढारी पारू झाली. तेरा तारखेला पुढाऱ्याचं सांगताना सर माझ्याकडे बघत होते असं वाटलं, ते खरंच माझ्या मागे बघत होते. बरंच झालं.


मंगळवार, २९ ऑक्टोबर

कालपासून कापणी. पाठ मोडली आहे, पण आजचं राहायला नको.

रविवारी रात्रीच मी ओटीवर दोन खुंट्या मारून दोर तिथे अडकवले. वाटलं, जागा बदलली, झालं. आज संध्याकाळी सोमा आला. मी म्हटलं, "ये, ओटीवर बस." तो तीन पायऱ्या चढला आणि बसला. आम्ही दोघांनी मिळून दोर चाचपला, वीत वीत. सरांनी वहीत एक रकाना वाढवून दिला आहे: कुठे तपासला. मी 'ओटी' लिहायला पेन्सिल ओली केली.

आतून पारू म्हणाली, "ओटीवर काय ऊन येतंय सकाळचं. ऊन वैरी ना दोराचा? आणि मला तुळईवरनं लटकायचा सराव करायचाय. भावजी, आत या, धरा. यांच्या हाताला घाम येतो."

सोमाने माझ्याकडे बघितलं. दसऱ्याला पायरीकडे बघितलं होतं तसंच.

सांगायला सोपं नाही. बाप आठवला. आजा आठवला. मग माझा आवाज मलाच ऐकू आला, "चल की रं. डोकं सांभाळ, दार बुटकं हाय."

तो वाकून आत आला. आतल्या खोलीत नुसती चिमणी जळत होती, देव फळीवर होते, जिथल्या तिथे. त्याने फळीकडे बघून मान किंचित लववली, आमच्या देवाला की आमच्या घराला, ते त्याचं त्याला ठाऊक. मग त्याने दोर तुळईवरून टाकला, ओढून बघितला, दोनदा, आणि म्हणाला, "तुळई चांगली हाय दादा. आंब्यापरीस बरी." पारू हसली. तिने गाठ मारली, पुरी. लटकली, गिरकी घेतली आणि तिचा पाय देवाच्या घंटेला लागला. घंटा वाजली. तिने लटकतच हात कपाळाला लावला.

आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारची म्हातारी बघायला आली, काय झालं म्हणून. तिने सोमाला आत बघितलं, पारूला तुळईला बघितलं, आणि कशाबद्दल बोलावं हे न कळून तशीच परत गेली.

चहा झाला. सोमाने सही केली, मी केली. मग नव्या रकान्यात लिहिलं. कुठे तपासला: आत.